डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय? मग आधी तारखांचं बघा

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, ओपीडीत डॉक्टर एकदा "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल" म्हणाले की त्यापुढचं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे मी रोज बघते, कारण केबिनमधून बाहेर आलेल्या पेशंटला आणि नातेवाइकांना तेच सगळं परत सावकाश सांगायचं हेच माझं काम आहे. सगळे अडकतात ते सुईवर. आणि खरं सांगू का, सुई हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, दोन-तीन सेकंदांचं काम, अवघड आहे ते पुढच्या तारखा पाळणं आणि तेवढे पैसे पुरवणं. म्हणून समोर बसलेल्या माणसाला जे सांगते तेच इथे लिहितेय, औषध कुठलं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना काय विचारायचं, घरी काय बघायचं आणि कुठे घाई करायची एवढं तरी माहीत असू द्या.

आधी झालंय काय ते. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडायला लागला की डोळा व्हीईजीएफ नावाचं एक प्रोटीन जास्त तयार करतो, त्या प्रोटीनचा हुकूम एकच, नवीन रक्तवाहिन्या फुटू देत. फुटतात पण त्या कच्च्या असतात, त्यातून पाणी झिरपतं, रक्त गळतं, पडद्याला सूज येते, आणि वेळेत काही केलं नाही तर तिथे कायमचा व्रण होतो. शुगरच्या पेशंटमध्ये हे होतं, मागच्या नसेत गुठळी अडकली तर होतं, आणि वय झाल्यावर पडद्याच्या मधल्या भागाखालून अशा वाहिन्या उगवतात त्याला वेट एएमडी म्हणतात. खूप मोठ्या मायनस नंबरच्या लोकांनाही होतं, तिथे बऱ्याचदा एक-दोन इंजेक्शनांत भागतं. औषध या प्रोटीनला धरून ठेवतं, वाहिन्या सुकतात, पाणी ओसरतं. पण औषध संपलं की प्रोटीन परत आहेच. हे एका आजोबांना समजावत होते तर तेच म्हणाले, "म्हणजे खुरपणीच की, तण काढलं तरी पाऊस पडला की परत येतंय." तेव्हापासून शेतकरी घरातला कुणी आला की मी तेच सांगते, पुढचं आपोआप कळतं.

लक्षणांचं सांगायचं तर सगळ्यात मोठा घोळ मोतीबिंदूचा आहे. नजर कमी झाली म्हणजे मोती पिकतोय, दिवाळीनंतर बघू, असं म्हणत लोक काढतात महिने, आणि वेट एएमडीमध्ये महिने काढणं परवडत नाही. फरक ओळखायचा असा: मोतीबिंदूत सगळं हळूहळू धुरकट होतं, पण पडद्याला सूज असेल तर सरळ रेघा वाकड्या दिसतात, मधोमध डाग येतो, समोरच्याचे कान दिसतात पण नाक-डोळे पुसल्यासारखे वाटतात. घरी तपासायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरे, कालनिर्णयच्या चौकटी आयत्या आखलेल्या असतात. जवळचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि दुसऱ्याने एकाच तारखेकडे बघत राहायचं, आजूबाजूच्या रेघा वाकल्या, तुटल्या, एखादा चौकोन गायब झाला तर त्याच आठवड्यात डोळे दाखवायचे. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा खराब डोळ्याचं सगळं झाकून टाकतो, त्यामुळे कित्येकांना एका डोळ्याची नजर गेलीय हे कळतं तेच मुळी दुसऱ्यात कचरा गेल्यावर! शुगरवाल्यांनी मात्र या चाचणीच्या भरवशावर राहू नका, त्यांना पडद्यावर बरंच काही होऊन गेलं तरी दिसायला एकदम नीट असू शकतं, त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचाच.

तपासण्यांमध्ये ओसीटी तर होणारच, हनुवटी टेकवून हिरव्या किंवा निळ्या खुणेकडे बघायचं, काही टोचत नाही, पडद्याचा आडवा काप स्क्रीनवर दिसतो आणि पाणी कुठे साठलंय ते काळ्या फुग्यांसारखं दिसतं. डॉक्टरांना सांगा की दाखवा, दाखवतात. एकदा ते स्वतःच्या डोळ्याने बघितलं की इंजेक्शन कशासाठी हे समजवावं लागत नाही. कधी कधी एफएफए पण सांगतात, त्यात हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन फोटो काढतात, थोडं मळमळतं, दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते, घाबरायचं कारण नाही. किडनीचा त्रास असेल किंवा आधी कधी ॲलर्जी आली असेल तर मात्र आधीच सांगायचं. आपल्याकडच्या, म्हणजे एकूणच आशियातल्या लोकांमध्ये वेट एएमडीचा पॉलिप, म्हणजे वाहिन्यांवर फुगे, असलेला प्रकार जास्त सापडतो, त्याला आयसीजी नावाची वेगळी अँजिओग्राफी लागते, आणि इंजेक्शनांनी हवा तसा फरक पडत नसेल तर त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

आता औषधं, इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण एकाच कामाच्या औषधांच्या किमतीत कधी कधी दहापट फरक असतो. थोडा इतिहास सांगते म्हणजे हा फरक का ते कळेल. अमेरिकेत जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी १९८९ मध्ये हे व्हीईजीएफ शोधलं, त्यावरून बनलेलं अवास्टिन, म्हणजे बेव्हासिझुमॅब, २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी बाजारात आलं. डोळ्यासाठी म्हणून त्याच कंपनीचं वेगळं औषध रॅनिबिझुमॅब येऊ घातलं होतं, पण त्याला मंजुरी मिळायच्या आधीच, २००५ मध्ये, मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी अवास्टिनचाच अगदी छोटा डोस डोळ्यात देऊन बघितला आणि चाललं की ते! २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब आलं, अर्थात कितीतरी महाग. मग २०११ मध्ये कॅट नावाच्या मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना झाली, वेट एएमडीमध्ये वर्षभरानंतर नजरेचा निकाल जवळजवळ सारखाच आला, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अवास्टिनचं औषध डोळ्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. तरी कंपनीच्या लेबलवर डोळ्यातल्या वापराला मंजुरी नाही, म्हणून संमतीपत्रात तसं लिहिलेलं असतं, ते वाचून दचकू नका.

अवास्टिनची खरी काळजी वेगळीच आहे. ती बाटली कॅन्सरच्या डोसची, १०० मिलिग्रॅमची असते आणि डोळ्याला लागतं फक्त सव्वा मिलिग्रॅम, म्हणजे एका बाटलीतून खूप डोस निघतात, आणि हे भाग करताना निर्जंतुकपणात चूक झाली तर एकाच वेळी अनेकांच्या डोळ्यात जंतू जाऊ शकतात. गुजरातमध्ये असा प्रकार झाल्यावर २०१६ च्या सुरुवातीला औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा दिला होता आणि काही आठवड्यांत तो मागेही घेतला. तर विचारायचं ते एवढंच, की डोस कुठे भरला जातो, सिरिंज आधीच भरून सीलबंद येते का, आणि बॅच नंबर माझ्या फाइलमध्ये लिहिणार का. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

बाकी अफ्लिबरसेप्ट, ब्रोलुसिझुमॅब, फॅरिसिमॅब ही नंतरची. शुगरमुळे मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज आहे आणि नजर बरीच उतरलीय अशा वेळी अफ्लिबरसेप्ट सुरुवातीला सरस ठरतं, नजर फारशी उतरलेली नसेल तर अवास्टिन, रॅनिबिझुमॅब आणि हे, तिन्ही साधारण सारखीच. ब्रोलुसिझुमॅब जास्त दिवस टिकतं पण काहींच्या डोळ्यात आतून दाह होतो, रक्तवाहिन्यांनाही होऊ शकतो, त्यामुळे ते घेतल्यावर लाली आणि अंधुकपणा अजिबात अंगावर काढायचा नाही. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने त्याच धर्तीवर बनवलेलं औषध, रॅझुमॅब २०१५ पासून आहे आणि आता अशी बरीच स्वस्त नावं मिळतात. माझं मत विचाराल तर, आणि मी हे प्रत्येक घराला सांगते, मुलाने हौसेने सगळ्यात महागडं एक इंजेक्शन करायचं आणि पुढच्या महिन्यात पैसे नाहीत म्हणून थांबायचं, यापेक्षा पहिल्या दिवशीच डॉक्टरांना सरळ सांगा की वर्षाला एवढं जमेल, यात पूर्ण कोर्स कशाचा बसेल? लाज कसली त्यात.

इंजेक्शनच्या दिवशी उपाशी यायचं नाही. पोहे-चहा खाऊन-पिऊन, बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे इकोस्प्रिन वगैरे, शेजाऱ्याने सांगितलं म्हणून बंद करू नका, या इंजेक्शनला सहसा त्या थांबवाव्या लागत नाहीत, पण चालू आहेत हे सांगायचं. गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल, दिवस गेलेले असतील, तर हे डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे. डोळा आलाय, रांजणवाडी झालीय, पापण्यांच्या कडेला खपल्या आहेत, नाकाजवळच्या कोपऱ्यातून सारखं पाणी किंवा पू येतोय, असं काहीही असलं तर लपवू नका, तारीख पुढे जाईल पण डोळा वाचेल. काजळ नको, डोक्याला तेल नको, आदल्या दिवशी डोक्यावरून स्वच्छ आंघोळ करा कारण नंतर काही दिवस करता येणार नाही. बरोबर एक माणूस हवाच, बाहुली मोठी केलेली असते, पट्टीही असू शकते, टू-व्हीलर चालवत जायचा विचार सोडा.

आत काय होतं ते सांगते, माहीत असलं की भीती अर्धी होते. आधी कपाळावर ज्या डोळ्याला द्यायचंय त्या बाजूला खूण करतात, तुम्हीही तोंडाने सांगा "उजवा" किंवा "डावा", संकोच करू नका. बधिर करायचे थेंब दोन-तीनदा टाकतात, मग बीटाडीनचं पातळ द्रावण डोळ्यात आणि पापण्यांवर. ते झोंबतं, पण सगळ्या प्रकारात जंतूंविरुद्ध सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, तेव्हा "नको, जळजळ होते" म्हणू नका. चेहऱ्यावर भोक असलेलं चिकट कापड लावतात (मिशीवाल्यांना काढताना थोडं खेचतं), आणि पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप बसवतात. लोकांची खरी भीती ही असते की मधेच डोळा मिटला तर काय, तर तो मिटूच शकत नाही, त्यासाठीच ती क्लिप. डॉक्टर म्हणतील वर बघा किंवा नाकाकडे बघा, तिकडे बघत राहायचं, बोलायचं नाही, कारण तोंडातले जंतू उडतात. काळ्या भागाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने औषध आत जातं, बहुतेक औषधांचं प्रमाण ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. दाब आल्यासारखं वाटतं, आतमध्ये धुराची वलयं किंवा बुडबुडे फिरताना दिसतात. लगेच बोटं मोजायला लावतात, दिसतात का बघायला. झालं. बहुतेकजण बाहेर येऊन म्हणतात, "एवढंच?"

घरी गेल्यावर पहिल्या रात्री डोळा खुपतो, वाळू गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं, ते बीटाडीनमुळे, सकाळपर्यंत बरंच कमी होतं. पांढऱ्या भागावर लाल डाग पडू शकतो, दुसऱ्या दिवशी तो पसरून आणखी भयंकर दिसतो, घरात सगळे हबकतात, पण दुखत नसेल आणि दिसतंय ते ठीक असेल तर आठ-पंधरा दिवसांत जातो. खालच्या बाजूला काळे गोल ठिपके हलताना दिसले तर ते हवेचे बुडबुडे, दोन-चार दिवसांत विरतात. डोळा चोळायचा नाही, नळाचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, दिलेले थेंब हात धुऊन टाकायचे. टीव्ही, मोबाइल, वाचन चालतं, डोळ्यावर ताण येतो वगैरे काही नाही. चुलीच्या धुरात, धान्य वारायला किंवा पोहायला आठवडाभर नको.

आता हे नीट वाचा. इंजेक्शननंतर, विशेषतः दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, नजर आधीपेक्षा खाली गेली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हे दोन-तीन हजार इंजेक्शनांत साधारण एखाद्याला होतं, पण ज्याला होतं त्याचा डोळा तासांवर असतो. रविवार आहे, लग्न आहे, उद्या ओपीडी आहेच, असलं काही नाही, त्याच दिवशी, त्याच रात्री जायचं. मेडिकलमधून थेंब आणून बघत बसायचं नाही. डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूने पडदा खाली येतोय असं वाटणं, यालाही हाच नियम, कारण पडदा सुटलेला असू शकतो. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर इंजेक्शनच्या दिवशीच मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या, पेशंटच्या नाही, बरोबर आलेल्याच्या मोबाइलमध्ये.

आणि आता तारखा. वेट एएमडीला साधारणपणे महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं सुरुवातीला, मग ओसीटी कोरडी दिसली तर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात, सहा, आठ, दहा, बारा, आणि परत पाणी दिसलं की अंतर कमी. फॅरिसिमॅबसारख्या औषधाने काहींना सोळा आठवड्यांपर्यंत जाता येतं. शुगरच्या सुजेला सुरुवातीचे डोस जास्त लागतात, पाच वगैरे, पण पुढच्या वर्षांत कमी होत जातात. गडबड होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे पहिल्यानंतर "फरक पडला" म्हणून थांबतात, दुसरं म्हणजे "काहीच फरक नाही" म्हणून थांबतात. दुसऱ्यांना मी २००६ सालच्या रॅनिबिझुमॅबच्या ट्रायलचा आकडा सांगते: दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर साधारण ९५ टक्के लोकांची नजर तपासणीच्या तक्त्यावर तीन ओळी किंवा जास्त उतरली नाही, न घेणाऱ्यांत हे फक्त ६२ टक्के होते, आणि तीन ओळी सुधारणा झाली ती घेणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याला. म्हणजे नजर "आहे तेवढी राहिली" हाच बहुतेकांचा फायदा, आणि तो दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं पैसे वाया गेले. व्रण झालेल्या जागी तर नजर परत येतच नाही, कितीही दिली तरी, आणि ते आधी स्पष्ट विचारून घ्यायचं: साहेब, वाढेल का टिकेल? उत्तर ऐकायला कडू असतं पण पुढचं वर्षभर त्यावर उभं असतं.

शुगरवाल्यांचं एक वेगळं. पडद्यावर नवीन वाहिन्यांची जाळी आली असेल तर इंजेक्शन चालतं आणि लेसरही चालतो, दोन्हींचे निकाल चांगले आहेत, पण लेसरचा परिणाम टिकून राहतो आणि इंजेक्शनचा राहत नाही. फक्त इंजेक्शनावर असलेला पेशंट सहा महिने-वर्षभर गायब झाला तर परत येताना डोळ्यात रक्त भरलेलं, पडदा ओढला गेलेला, कधी कधी प्रेशर वाढून काचबिंदू झालेला, अशा अवस्थेत येतो. त्यामुळे ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणार असाल, ड्रायव्हर असाल, गावाहून एसटीने तीन तास येत असाल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा, ते कदाचित लेसरच आधी करतील. जाळीला घट्ट पापुद्रे असतील तर इंजेक्शनने ते आकसून पडदा ओढला जाऊ शकतो, म्हणून तिथे ऑपरेशनच्या जेमतेम काही दिवस आधी देतात, तेव्हा ऑपरेशनची तारीख हुकवायची नाही. शुगर, बीपी, किडनी, रक्त कमी असणं, हे सगळं सूज वाढवतं, एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट डोळ्याच्या फाइलमध्येच लावून ठेवा.

कमी दिवसांच्या बाळांनाही हे इंजेक्शन देतात, तिथे घाई आणखी जास्त. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा, एनआयसीयूवाले सांगतात पण डिस्चार्जच्या गडबडीत कागदावरच राहतं. इंजेक्शन दिलेल्या बाळात आजार काही महिन्यांनीही उलटू शकतो, डॉक्टर "आता नको" म्हणेपर्यंत आणत राहायचं.

मेडिक्लेमचं थोडक्यात. पूर्वी "चोवीस तास ॲडमिट नाही" म्हणून क्लेम उडायचे, पण आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या २०१९ च्या नियमांत ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही त्या यादीत डोळ्यातली इंजेक्शनं आहेत, मर्यादा मात्र घालता येते, तेव्हा पॉलिसीत ती रक्कम आणि शुगरचा वेटिंग पिरियड बघा. डॉक्टरांची चिठ्ठी, ओसीटी, औषधाचं बिल आणि खोक्यावरचं बॅचचं स्टिकर जपायचं. पॉलिसी नसेल तर मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात रेटिना विभाग असतो का ते बघा, आणि महात्मा फुले योजनेत तुमचं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार घेऊन विचारा, इंजेक्शन झाल्यावर नाही, आधी.

शेवटचं एक, कारण दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच: आईबाबा मुलाकडे अमेरिकेला सहा महिने चाललेत. तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे अंतर किती वाढवता येईल ते बघून जायची तारीख इंजेक्शनला जोडून ठेवता येते. प्रवासाचा विमा आधीपासूनच्या आजाराला सहसा पैसे देत नाही आणि तिकडचं बिल बघून मुलगासुद्धा गप्प होतो. ओसीटीचे फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, प्रिंट धूसर असतात. कुठल्या डोळ्याला, कुठल्या तारखेला, कुठलं औषध याची यादी करून घ्या आणि त्यात औषधाचं मूळ नाव लिहा, ब्रँडचं नाही, कारण इथलं ॲक्सेंट्रिक्स तिकडे ल्युसेंटिस आहे आणि इथलं पॅजेनॅक्स तिकडे बियोव्यू.